उजळ चेहरा, सुजलेलं मूत्रपिंड

सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते. ‘जागरण झालं असेल,’ असं म्हणून आपण तोंडावर गार पाण्याचा हबका मारतो. संध्याकाळी चपलेचा पट्टा घट्ट होतो. ‘दिवसभर उभं राहून पाय सुजले,’ अशी मनाची समजूत घालतो. लघवीला फेस येतो, तिकडे तर लक्षच जात नाही. आणि गेलं, तरी ते कुणाला सांगणार? घरात ताप, खोकला, गुडघेदुखी यावर चहा पिता पिता चर्चा होते. लघवीवर होत नाही.

पण डोळ्यांखालची सूज, पायांवरची सूज आणि फेसाळ लघवी ही तीन लक्षणं एकत्र आली, की डॉक्टरांच्या मनात पहिला विचार येतो तो मूत्रपिंडाचा. त्यातही मूत्रपिंडाच्या दाहाचा, म्हणजे डॉक्टरी भाषेतल्या नेफ्रायटिसचा. हा दाह कशानं होतो, याची उत्तरं वैद्यकशास्त्र जवळजवळ दोनशे वर्षं शोधतंय. अलीकडच्या काळात सापडलेलं एक उत्तर मात्र थेट आपल्या घरातल्या आरशासमोर येऊन थांबलंय. ते उत्तर आहे, चेहरा गोरा करणारं क्रीम!

चाळणीला भोक पडतं तेव्हा...

आधी हे मूत्रपिंड काम कसं करतं ते बघू. कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला, मणक्याच्या दोन्ही अंगांना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडं असतात. एकेकाचं वजन साधारण दीडशे ग्रॅम. एवढ्याशा अवयवात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं एक गुंतवळ. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला जवळजवळ 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं कामाचं ते परत रक्तात जातं आणि उरलेलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं.

या गाळणीचं वैशिष्ट्य असं, की ती पाणी, क्षार आणि टाकाऊ द्रव्यं सोडते, पण रक्तातली प्रथिनं सोडत नाही. चहाची गाळणी चोथा अडवते, तशी. गाळणीला दाह झाला, ती सुजली, की तिची वीण सैल होते आणि प्रथिनं लघवीतून निसटू लागतात. लघवीला फेस येतो तो त्यामुळे. रक्तातलं प्रथिन कमी झालं, की रक्तवाहिन्यांतलं पाणी आजूबाजूला झिरपतं. मग पापण्या आणि पाय सुजतात. कधी गाळणीतून रक्तपेशीही बाहेर पडतात. अशा वेळी लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी दिसते. रक्तदाब वाढतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दाह’ म्हटलं, की आपल्याला जळजळ आठवते. लघवीला जळजळ होते ती बहुधा मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गामुळे. गाळणीचा दाह मात्र बहुतेक वेळा दुखत नाही, जळजळत नाही. तो गुपचूप येतो. म्हणूनच तो धोकादायक!

चमचा आणि मेणबत्ती

या आजाराचा माग काढण्याचं श्रेय लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांना जातं. अंगावर सूज घेऊन येणाऱ्या रुग्णांची लघवी ते चमच्यात घ्यायचे आणि मेणबत्तीवर तापवायचे. काहींच्या चमच्यात अंड्यातल्या पांढऱ्यासारखा गोळा साकळायचा. असे रुग्ण दगावले, की शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडं खराब झालेली आढळायची. अंगावरची सूज, लघवीतलं प्रथिन आणि बिघडलेलं मूत्रपिंड यांचं नातं ब्राइट यांनी 1827 साली जगापुढे मांडलं. पुढे कित्येक वर्षं या आजाराला ‘ब्राइट्स डिसीज’ असंच म्हटलं जायचं.

आजार कळला, पण कारण? ते एक नव्हतं, अनेक होती. आज डॉक्टर त्यातली मुख्य कारणं अशी सांगतात.

लहान मुलांत घसा बसल्यावर किंवा अंगावर खरूज, फोड, गळवं झाल्यावर स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे मूत्रपिंडाला दाह होतो. गंमत म्हणजे, जंतू मूत्रपिंडापर्यंत जातच नाही. त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेली प्रतिद्रव्यं गाळणीत अडकतात आणि तिथं आग लावतात. घशाच्या आजारानंतर एक-दोन आठवड्यांनी, तर त्वचेच्या आजारानंतर तीन ते सहा आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजतो, लघवी तपकिरी होते. तोवर घसा दुखला होता हे घरचे विसरूनही गेलेले असतात! सुदैवानं बहुतेक मुलं योग्य उपचारानं पूर्ण बरी होतात.

दुसरा प्रकार पॅरिसच्या डॉक्टर ज्याँ बर्जर यांनी 1968 साली दाखवून दिला. शरीराच्या संरक्षणासाठीच असलेलं ‘आयजीए’ हे प्रतिद्रव्य गाळणीत साचत जातं. तिसरा, ल्युपस. या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं. त्याच्या दहा रुग्णांतल्या नऊ बायका असतात. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हेही एक कारण. मधुमेह आणि रक्तदाबानं मूत्रपिंड बिघडतं ते वेगळंच.

ही यादी वैद्यकाच्या पुस्तकात अनेक वर्षं होती. पण अकोल्याच्या एका घरात जे घडलं, ते या यादीतल्या कशातच सहज बसत नव्हतं.

एकाच घरातल्या तिघी

अकोल्याच्या एका तरुणीनं ब्युटीशियनकडून एक क्रीम घेतलं. काही दिवसांत चेहरा उजळ दिसू लागला. आजूबाजूच्या बायका विचारू लागल्या, ‘काय लावतेस गं?’ असं कौतुक झालं, की घरातले मागे कसे राहतील? तिची आई आणि बहीणही तेच क्रीम लावू लागल्या.

2022 च्या सुरुवातीला तिघीही आजारी पडल्या. तिघींच्याही मूत्रपिंडातल्या गाळण्यांना दाह झाला होता.

एका घरात तिघींना एकाच वेळी मूत्रपिंडाचा आजार, हे डॉक्टरांना कोड्यात टाकणारं होतं. संसर्गजन्य नसलेला आजार एका घरात तिघांना झाला, की विचार करावा लागतो तो तिघांत समान काय याचा. एकच पाणी? एकच अन्न? एकच औषध? हे प्रकरण मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये पोचलं. तिथल्या मूत्रपिंडविकार विभागाचे प्रमुख डॉ. तुकाराम जमाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माग काढला. बोट वळलं ते क्रीमकडे. तपासणीत तरुणीच्या रक्तातला पारा 46 निघाला. तो 7 च्या आत असायला हवा होता. क्रीममध्ये पाऱ्याचं प्रमाण दहा लाख भागांत हजारोंच्या घरात होतं. कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात चालतो तो दहा लाखांत एक भाग, तोही चुकून आलेला!

जानेवारी 2023 मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा अनेक घरांतल्या ड्रेसिंग टेबलांचे खण उघडून बघितले गेले असतील.

पारा गोरं कसं करतो?

पारा म्हणजे थर्मामीटरमधला तो चकाकता, निसटता धातू. त्याचे क्षार पांढरे असतात आणि क्रीममध्ये सहज मिसळतात. आपल्या त्वचेला रंग येतो तो मेलॅनिन या द्रव्यामुळे. ते तयार होण्यासाठी त्वचेतल्या एका विकराची गरज असते. पारा त्या विकराचं काम बंद पाडतो. मेलॅनिन बनणं थांबलं, की नवी त्वचा फिकट येते. म्हणूनच पारा घातलेलं क्रीम ‘चार दिवसांत फरक’ दाखवतं. तो फरक खरा असतो, हीच खरी अडचण आहे. खोटं क्रीम लोक आठवड्यात फेकून देतात. हे क्रीम मात्र पुन्हा पुन्हा विकत घेतात.

पारा त्वचेवर थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि सर्वाधिक साचतो तो मूत्रपिंडात. क्रीम लावणं बंद केलं, की काळवंडलेपण परत येतं. मग घाबरून बाई ते पुन्हा लावते. हे चक्र वर्षभरही चालतं.

आणि घात फक्त लावणाऱ्याचा होत नाही. हाताला, उशीला, टॉवेलला लागलेला पारा घरात पसरतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनिया या राज्यांत 2010 साली अशी घरं सापडली, जिथं क्रीम लावणाऱ्यांबरोबरच न लावणाऱ्यांच्या, अगदी मुलांच्याही शरीरात पारा निघाला. आईच्या गालाला गाल लावून झोपणाऱ्या बाळानं कुठलं क्रीम लावलेलं असतं?

मलप्पुरमचा अभ्यास

क्रीममुळे आजार झाला असं म्हणणं सोपं, सिद्ध करणं अवघड. इथं गेल्या काही वर्षांतलं संशोधन कामी आलं.

गाळणीच्या दाहाचा एक प्रकार आहे, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. यात गाळणीचा पापुद्रा जाड होतो आणि प्रथिनं भराभर वाहून जातात. मूत्रपिंडाचा सुईनं काढलेला छोटासा तुकडा, म्हणजे बायॉप्सी, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, की हा प्रकार ओळखता येतो. पण तो का होतो, हे फार काळ कळत नव्हतं. 2009 साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटानं पहिला मोठा धागा पकडला. गाळणीतल्या एका विशिष्ट प्रथिनालाच शरीर शत्रू समजतं आणि त्यावर प्रतिद्रव्यं सोडतं, असं त्यांना आढळलं. बहुसंख्य रुग्णांत हेच प्रथिन जबाबदार निघालं. उरलेल्यांचं काय? मग एकेक नवं प्रथिन सापडत गेलं. त्यातलंच एक ‘नेल-वन’.

नेल-वन प्रकाराचे रुग्ण पाश्चात्त्य देशांत कमी. त्यातल्या काहींत कर्करोग दडलेला सापडायचा. भारतात मात्र चित्र वेगळं दिसू लागलं. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात, कोट्टक्कल इथल्या अ‍ॅस्टर मिम्स हॉस्पिटलमधल्या डॉ. सजीश शिवदास आणि डॉ. रंजित नारायणन यांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या 22 रुग्णांचा अभ्यास केला. त्यातले 15 जण नेल-वन प्रकाराचे निघाले. डॉक्टरांनी त्यांना खोदून विचारलं. 15 पैकी 13 जण चेहरा गोरा करणारं क्रीम लावत होते! हा अभ्यास 2024 साली ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याआधी, 2022 साली, भारतातल्याच डॉक्टरांनी अशाच नेल-वन रुग्णांचा धांडोळा घेतला होता. तिथं धागा जुळला तो पारंपरिक औषधांशी. पुष्कळसे रुग्ण अशी औषधं घेत होते आणि त्यांतल्या काहींत पारा होता. दार वेगळं, चोर तोच!

खरं तर हा इशारा जगाला पन्नास वर्षांपूर्वीच मिळाला होता. केनियातल्या नैरोबीच्या केन्याटा नॅशनल हॉस्पिटलमध्ये लघवीतून प्रथिन जाणारे 60 रुग्ण तपासले गेले. त्यातले निम्म्याहून अधिक जण पारा असलेलं गोरेपणाचं क्रीम वापरत होते. हे 1972 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. पण चेहऱ्याच्या रंगाची ओढ वैद्यकीय नियतकालिकं वाचत नाही.

दिलासाही मोठा

या सगळ्यात एक गोष्ट मन हलकं करणारी आहे. मूत्रपिंडाच्या बहुतेक जुनाट आजारांत गेलेलं परत येत नाही. मधुमेहानं गळालेली गाळणी पुन्हा उभी राहत नाही. पाऱ्यामुळे झालेल्या या दाहाचं तसं नाही. केरळातल्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या लघवीतलं प्रथिन क्रीम बंद केल्यावर कमी होत गेलं. वेळीच ओळखलं, तर अनेकदा कारण दूर करणं हाच मुख्य उपचार ठरतो. सूज आणि रक्तदाबासाठी औषधं लागतात, पण प्रतिकारशक्ती दाबणारी जड औषधं टाळता येऊ शकतात.

उशीर केला तर मात्र खेळ महाग पडतो. लघवीतून प्रथिन खूप जाऊ लागलं, की रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. मलप्पुरमच्या रुग्णांत एकाच्या मेंदूतल्या शिरेत अशी गुठळी झाली होती.

म्हणूनच डॉक्टरांनी विचारणं आणि रुग्णानं सांगणं, दोन्ही महत्त्वाचं. ‘कुठली औषधं घेता?’ या प्रश्नाला आपण बीपीच्या गोळीचं नाव सांगतो. क्रीमला कुणी औषध समजत नाही. वैद्यांचं चूर्ण, भस्म, ओळखीच्या माणसानं दिलेली पुडी, हेही सांगायचं राहून जातं. काही बायकांना नवऱ्यासमोर, सासूसमोर गोरेपणाच्या क्रीमबद्दल बोलायची लाज वाटते. लाजेपायी कारण लपतं आणि बायॉप्सीपर्यंत जाऊनही कोडं सुटत नाही.

कायदा काय म्हणतो?

भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला मनाई आहे. नकळत आलेला पारा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. सवलत आहे ती फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांना, तीही दहा लाखांत 70 भागांपर्यंत. जगभर पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी 2013 साली मिनामाटा करार झाला. जपानच्या ज्या मिनामाटा गावात पाऱ्यानं माणसं उद्ध्वस्त केली, त्याचंच नाव कराराला दिलं गेलं. भारतानं 2018 साली त्यावर शिक्कामोर्तब केलं.

कायदा आहे, पण बेनामी डबीला कायदा कुठून पकडणार? अशी क्रीम अनेकदा परदेशातून गुपचूप येतात, ब्युटीपार्लरमध्ये, छोट्या दुकानांत आणि मोबाइलवरून विकली जातात. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नसतो, परवाना क्रमांक नसतो, घटकांची यादी नसते. असलीच, तर पाऱ्याचं नाव त्यात कशाला असेल?

या बाजाराला ग्राहक मिळतो तो आपल्याच घरातून. पंढरीचा सावळा विठोबा आपल्याला चालतो, पण सून गोरी लागते. ‘मुलगी हुशार आहे, पण रंगानं जरा...’ हे अर्धवट वाक्य किती मुलींनी दाराआडून ऐकलं असेल! लग्नाच्या जाहिरातीतला ‘गोरी’ हा शब्द आणि डबीतला पारा यांच्यातलं अंतर वाटतं तेवढं मोठं नाही. म्हणून या आजाराचा बंदोबस्त एकट्या मूत्रपिंडतज्ज्ञानं होणार नाही. त्यासाठी मुलीच्या रंगावरून बोलणाऱ्या आत्या-मावशीला घरातल्या कुणीतरी तिथल्या तिथे थांबवायला हवं.

शंका आली, तर सुरुवात अगदी स्वस्त तपासणीनं होते. अकोला असो, की म्हैसूर जिल्ह्यातलं बन्नूर, लघवीतलं प्रथिन बघायला मोठं शहर गाठावं लागत नाही. ब्राइट यांना चमचा आणि मेणबत्ती लागायची. आता रसायन लावलेली एक कागदी पट्टी पुरते. आणि एक लक्षात ठेवायचं, रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही. मूत्रपिंडाचं काम बरंच घटल्याशिवाय तो आकडा वाढत नाही. लघवी मात्र त्याच्या कितीतरी आधी बोलू लागते.

हे करा, हे टाळा

• चार-आठ दिवसांत गोरं करण्याची हमी देणारं क्रीम घेऊ नका. त्वचेला काही तक्रार असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

• डबीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी बघा. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. नसेल, तर ती डबी घरात आणू नका.

• ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘कॅलोमेल’, ‘अमोनिएटेड मर्क्युरी’ ही सगळी पाऱ्याचीच नावं आहेत.

• संशयित क्रीम लगेच बंद करा. डबी फेकू नका. घट्ट पिशवीत बांधून मुलांपासून लांब ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

• पापण्यांवर किंवा पायांवर सूज, लघवीला टिकून राहणारा फेस, तपकिरी लघवी, अचानक वाढलेला रक्तदाब यातलं काहीही दिसलं, तर लघवीची तपासणी करून घ्या. मुलाला घशाचा किंवा त्वचेचा आजार होऊन गेला असेल, तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा.

• घरातल्या एकाला त्रास झाला आणि तेच क्रीम इतरही लावत असतील, तर तपासणी सगळ्यांचीच करा.

• डॉक्टरांना सगळं सांगा. गोळी, चूर्ण, भस्म, क्रीम, सगळं! त्यांच्या सल्ल्याशिवाय वेदनाशामक गोळ्या नकोत.

चेहऱ्याचा रंग आरशात दिसतो, मूत्रपिंड दिसत नाही. पण दोन्ही पोसतं ते एकच रक्त. त्यात काय उतरू द्यायचं, ते डबीचं झाकण उघडण्याआधी ठरवलेलं बरं.